मेंढा-लेखाची वाट : गावाचे जंगल आणि लेकींचा वाटा

चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागले की कोळसा आणि धूर थोड्याच वेळात मागे राहतात. लोहारा गेले की दोन्ही अंगांना साग आणि बांबू सुरू होतो. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र लागते. पुढे मूल आणि सावली हा धानाचा मुलूख. मार्चअखेर बांध्या कोरड्या पडलेल्या असतात, तलावांचे पाणी खाली गेलेले असते आणि भात गिरण्यांजवळ कोंड्याचे ढीग दिसतात. वैनगंगेचा लांब पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. चंद्रपूर ते गडचिरोली अंतर साधारण ८० किलोमीटर.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. जुनी माणसे अजूनही चांदा म्हणतात. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. जुनी रेल्वे या जिल्ह्याला फक्त उत्तरेच्या टोकाला, वडसा येथे स्पर्श करते. बाकी सारा प्रवास एसटी, जीप, मोटारसायकल आणि पायाचा.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. ग्रामसभा म्हणजे काय हे मुलांना सांगताना पुस्तकातली चार वाक्ये पुरत नाहीत. म्हणून जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी असे पाच जण मेंढा पाहायला निघालो. 'तिकडे कशाला?' असे नातेवाइकांनी विचारलेच. गडचिरोलीचे नाव बाहेर निघते ते बहुधा नक्षलवादाच्या बातम्यांत. पण या जिल्ह्यात एक अशीही गोष्ट घडली आहे जी प्रत्येक कुटुंबाने ऐकावी. ती गोष्ट मालमत्तेची आहे, आणि मालमत्तेचा प्रश्न कोणत्या घरात नाही?

रस्त्यालगतचे छोटे गाव

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानोऱ्याच्या तीनेक किलोमीटर अलीकडे लेखा हे गाव आहे. मेंढा ही त्याच्या जवळचीच वस्ती. या भागात मेंढा नावाची आणखी गावे असल्याने कागदोपत्री 'मेंढा (लेखा)' असे लिहितात. शंभराच्या आसपास घरे, पाचशेच्या आत-बाहेर माणसे, जवळजवळ सगळी गोंड. घरात गोंडी बोलतात, पाहुण्यांशी झाडीपट्टीतली मराठी.

घरे मातीची, कवेलूची, काही आता सिमेंटची. अंगणे सारवलेली आणि प्रत्येक अंगणात मोहफुले वाळत घातलेली. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. बाया आणि मुले पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण फूल रात्री गळते आणि ऊन चढल्यावर वेचणे जड जाते. साऱ्या गावाला आपल्या हवेत तो गोडसर, जड वास होता. आमच्या धाकट्याने एक ताजे फूल तोंडात टाकले आणि 'मनुक्यासारखं लागतं' म्हणून जाहीर केले.

मोह म्हटले की आपल्या वाचकांना दारू आठवेल. मोहफूल आधी अन्न आहे, हे इथे आल्यावर कळते. वाळवून ठेवतात, शिजवून खातात, टंचाईच्या महिन्यांत त्याचा आधार असतो, विकून मीठ-मिरची येते. बियांचे तेल निघते. दारूचा त्रास मात्र या गावानेही सोसला होता. तो विषय बायांनी गावाच्या बैठकीत लावून धरला आणि सर्वांच्या संमतीने गावाने दारूविक्री बंद केली. गडचिरोली जिल्ह्यात शासनाची दारूबंदी १९९३ पासून आहे. कायदा असूनही तो पाळायचा की नाही हे शेवटी गावातल्या बायाच ठरवतात, असे इथे दिसते.

जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही एका अंगणात होतो. घरच्या बाईंनी न विचारता पाण्याची बादली आणली, सावलीत चटई टाकली आणि कोंबड्यांना हाकलून दिले. तुमची पूजा होऊ द्या, मग बोलू, असे म्हणून त्या पुन्हा फुले चाळायला बसल्या.

जंगल कोणाचे?

या गावांचे जगणे जंगलावर आहे. घराला लाकूड, चुलीला सरपण, जनावराला चारा, विकायला तेंदूपान, हिरडा, बेहडा, चार, मोह आणि बांबू. गावकऱ्यांच्या अशा गरजांच्या हक्काला इकडे 'निस्तार' म्हणतात. गोंड राजे गेले, भोसले गेले, इंग्रज आले, मालगुजार-जमीनदार आले, तरी हा वापर चालू राहिला. हा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली आणि जंगल सरकारच्या नावावर गेले. निस्तारचे हक्क कागदावर नोंदले गेले, पण प्रत्यक्षात लाकडाच्या मोळीसाठीही माणूस गुन्हेगार ठरू लागला. दुसरीकडे कागद कारखान्यांना बांबू ठेक्याने मिळत राहिला.

पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत सगळी माणसे भागीदार आहेत, अशी शिकवण हदीसच्या संग्रहांत आली आहे. निस्तार म्हणजे नेमके हेच आहे, असे अम्मींना वाटले. त्यांचे बालपण खेड्यात गेले. गावच्या तळ्यावर आणि गायरानावर सगळ्यांचा हक्क असतो हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

१९८४ च्या सुमारास इंद्रावती आणि गोदावरीवरच्या भोपालपट्टणम व इंचमपल्ली या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शाह त्यात होते. त्या दिवसांत मेंढ्याचे लोकही आपल्या गावाचा विचार करू लागले. गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. गोंडीत ते 'मावा नाटे मावा राज' म्हणतात. माझ्या गावात माझे राज्य.

घोषणा पुष्कळ गावांत असतात. मेंढ्याने त्यापुढे दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. बैठकीला प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघांनीही यावे, अशी अपेक्षा असते. दुसरी सवय अभ्यासगटाची. एखादा कायदा किंवा योजना आली की गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून ती समजून घेतात, आणि मगच बैठकीत विषय येतो. वेळ लागतो. पण झालेला निर्णय कोणी मोडत नाही, कारण तो प्रत्येकाचा असतो. आमच्या शाळेतल्या, मोहल्ल्यातल्या आणि जमातीच्या बैठका आठवून आम्ही एकमेकांकडे पाहिले.

२००६ चा वनहक्क कायदा अमलात आल्यावर गावाने दावा तयार केला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. मेंढा आणि शेजारचे मर्दा ही असा हक्क मिळवणारी देशातली पहिली गावे. तरी एक अडचण राहिलीच. बांबू तोडायचा हक्क मिळाला, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वन विभागाचा. नेता येत नसेल तर मालकी कसली? अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे बांबूविक्रीतून ग्रामसभेच्या खात्यात कोटीच्या घरात रक्कम आली. ग्रामसभेने स्वतःच्या नावाने पॅन कार्ड काढले आणि बँकेतून व्यवहार सुरू केला.

याचा परिणाम प्रवासावरही झाला. धानाचे काम संपले की गडचिरोली-चंद्रपूरच्या अनेक गावांतून माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. जीपगाड्या भरून, कडेवर लेकरे घेऊन, कित्येक आठवड्यांसाठी. शाळेतली हजेरी तेव्हाच गळते, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. गावाच्या जंगलात हातांना काम असेल तर ही वाट निदान काही घरांपुरती तरी टळते.

शेतीही गावाच्या नावावर

मेंढ्याने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. आचार्य विनोबा भावे यांच्या ग्रामदान कल्पनेवर महाराष्ट्रात १९६४ चा कायदा आहे. त्याखाली गावातल्या शेतकऱ्यांनी आपली शेतजमीन ग्रामसभेला दिली. ऐकताना असे वाटते की माणसाने सगळे घालवले. तसे नाही. सुलभ ग्रामदानात विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी जातो. बाकी जमीन ज्याची तोच कसतो, पीक त्याचेच, आणि कसण्याचा हक्क त्याच्या मुलाबाळांना मिळतो. फक्त ती बाहेरच्याला विकता येत नाही. आजारपण, लग्न, कर्ज अशा एका अडचणीच्या वर्षात कवडीमोलाने वावर हातचे जाणे, ही वनभागातली जुनी कहाणी आहे. तिला गावाने कुंपण घातले.

सरकारी कागद मात्र लवकर हलला नाही. गावाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले. २०२४ मध्ये ग्रामदान कायद्याखाली मेंढ्याला स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा मिळाला.

आपल्या फिकहमध्ये 'शुफा'चा हक्क आहे. भागीदार किंवा शेजारी मालमत्ता विकू लागला तर ती घेण्याचा पहिला हक्क भागीदाराचा, आणि हनफी मतानुसार शेजाऱ्याचाही. शेजारी कोण येणार, यावर शेजाऱ्याचे सुखदुःख अवलंबून असते, हा त्यामागचा विचार. मेंढ्याच्या लोकांनी शुफाचे नाव ऐकलेले नसेल, पण विचार ओळखीचा आहे. जमीन आपली आहे, तरी ती एकट्याची नाही.

समुद्रापलीकडचे एक गाव

इथे बसून आम्हाला इंडोनेशियातील अचेह प्रांताची आठवण झाली. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाचा हा प्रदेश 'मक्केचा ओटा' म्हणून ओळखला जातो. पूर्वेकडचे हाजी याच बंदरांतून जहाजात बसत. इब्ने बतूता चौदाव्या शतकात इथल्या समुद्र-पासाई राज्यात थांबला होता.

अचेहमध्ये खेड्याला 'गाम्पोंग' म्हणतात. गावाचा एक प्रमुख, भाताची शेते, खांबांवर उभी लाकडी घरे आणि मध्यभागी सगळ्या गावाची एक इमारत, 'मेउनासा'. नमाज, कुराणाची शिकवणी आणि गावाच्या बैठका तिथेच. वयात आलेली मुले पूर्वी रात्री झोपायलाही तिथेच जात. गोंडांच्या गोटुलची रीत आणि हेतू वेगळा, पण तरुणांची आणि गावाची एक सामायिक वास्तू असावी ही गरज दोन्हीकडे सारखी.

आपल्याला नवल वाटेल ते घराच्या मालकीचे. अचेहच्या अनेक भागांत लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरी राहायला येतो. आईबाप घर लेकीला देतात. बायकोला अचेही भाषेत 'पो रुमोह' म्हणतात, म्हणजे घराची मालकीण. पुरुष कमाईसाठी दूर जातात, येतात, पुन्हा जातात. घर आणि शेत बायांच्या भरवशावर चालते. शतकानुशतके पक्के मुस्लिम असलेल्या समाजाची ही रीत आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अचेहचा किनारा पुसून टाकला. घरे गेली, बांध गेले, ओळखीची झाडे गेली आणि जमिनीच्या दप्तरातले कागद खाऱ्या पाण्यात भिजले. दुसऱ्या वर्षी मोजणी सुरू झाली तेव्हा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी साक्ष दिली. इथपर्यंत तुमचे, इथून आमचे, असे म्हणून गावकऱ्यांनी मिळून सीमा आखल्या आणि सह्या केल्या. अनाथ मुलांचे पालकत्व आणि वारसाहक्क शरई न्यायालयांनी पाहिले. कागद बुडाला तरी शेजाऱ्यांची आठवण शिल्लक होती. पण ज्यांच्या शेजारचे सारेच बुडाले, त्यांचे काय? म्हणून पुन्हा कागद करणे भाग पडले, आणि त्यात पती-पत्नी दोघांच्या नावांची सोय ठेवली गेली.

'मग भेटते का?'

दुपारी अम्मी एका म्हाताऱ्या बाईंशेजारी मोहफुले निवडत बसल्या. दोघींचे बोलणे नातवंडांवरून लेकींवर आले.

"लेकीला काय देता तुम्ही?" अम्मींनी विचारले.

"लगनात देतो जी भांडी-कुंडी. वावर पोरायचं राह्यते. पोरगी दिली का तिचं घर तिकडं." मग त्यांनी विचारले, "तुमच्यात कसं आहे?"

"आमच्यात लेकीचा वाटा कुराणातच ठरलेला आहे."

"हो का?" बाई म्हणाल्या. "मग भेटते का?"

अम्मींनी हातातली फुले सुपात टाकली. "कुठे मिळतो, कुठे नाही," एवढेच त्या बोलल्या.

गोंड समाजात शेतजमीन परंपरेने मुलांकडे जाते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे मुलींना समान हक्क देणारी त्यातली २००५ ची दुरुस्तीही लागू नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात निकाल दिला. मुलीला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती बाई आहे म्हणून तिच्या वारसांना हिस्सा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. वनहक्क कायद्याने तर आधीच एक वाट काढून ठेवली आहे. वैयक्तिक वनहक्काचा पट्टा विवाहित जोडप्याला मिळतो तेव्हा तो दोघांच्या नावे असतो. म्हणजे रूढीत नसलेला हक्क तिथे कायद्यामार्फत येतो आहे.

आपल्याकडे उलट आहे. हक्क चौदाशे वर्षांपूर्वी ठरलेला आहे. सूरह निसामध्ये आईबापांच्या मालमत्तेत पुरुषांसोबत स्त्रियांचाही वाटा सांगितला आहे, मग ती मालमत्ता थोडी असो की फार. मुलगी, पत्नी, आई, प्रत्येकीचा हिस्सा नेमून दिला आहे. आणि तरीही आमच्याच नात्यातल्या एका खालांनी वडिलांच्या चाळिसाव्यानंतर भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही केली. त्यांना कोणी धमकावले नव्हते. 'माहेर तुटेल' एवढी भीती पुरेशी होती. पुढे त्या विधवा झाल्या, तेव्हा ईदची साडी तेवढी माहेरून आली. हुंड्यात, लग्नखर्चात तुझा वाटा दिला, असे सांगणारे घरही आपण सर्वांनी पाहिले आहे. लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. वारसाहक्क मृत्यूनंतर निर्माण होतो आणि तो नेमून दिलेला आहे.

मेंढ्याच्या बाया ग्रामसभेत बसतात, बोलतात आणि त्यांच्या संमतीशिवाय निर्णय होत नाही. खालांना सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवणारे, 'आठ दिवस विचार करा' म्हणणारे कोणी नव्हते. अभ्यासगटाची सवय आपल्या घरांतही लावता येईल. घरातल्या बायांनी आणि पुरुषांनी एकदा एकत्र बसून मालमत्तेचे कागद काढावेत. सातबारा, मिळकत पत्रिका किंवा घरटॅक्सची पावती कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. घरातल्या कोणाचा इंतकाल झाला असेल तर वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तलाठ्याकडे दिलेल्या अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावे आहेत का, हे पाहावे. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, आणि त्यावर सही करायलाच हवी असे कोणतेही बंधन बहिणीवर नाही.

वनभागात राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. वनहक्क कायदा फक्त आदिवासींपुरता नाही. जे १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहून जंगलावर उपजीविका करत आले, ते 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करू शकतात. त्यात धर्माची अट नाही. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. दादा-दादींच्या आठवणी आजच लिहून ठेवाव्यात.

जायचे असेल तर

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी एसटी लेखाजवळ सोडते. मुक्काम गडचिरोलीत करावा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. पावसाळ्यात या जिल्ह्यातले नाले-नद्या रस्ते अडवतात. रस्त्याने पोलिसांची चौकशी होऊ शकते, ओळखपत्र जवळ ठेवावे. हलाल जेवणाची सोय गावात नाही, डबा सोबत न्यावा. गावाने दिलेला भात आणि वरण आम्ही आनंदाने खाल्ले. मेंढा हे प्रेक्षणीय स्थळ नाही. तिथे लोक राहतात आणि मार्चमध्ये तर पहाटेपासून कामात असतात. आधी निरोप द्यावा, ग्रामसभेची परवानगी घ्यावी आणि न विचारता फोटो काढू नयेत.

परतताना आम्ही वाळलेली मोहफुले किलोभर विकत घेतली. अम्मींनी त्यांचा गूळ घालून केलेला हलवा रमजानमध्ये शेजारी वाटायचा ठरवला आहे. त्याआधी, शब-ए-बरातच्या सुमारास सगळे भाऊ-बहीण घरी येतील, तेव्हा त्या अब्बांच्या घराचे कागद सर्वांसमोर मांडणार आहेत. लोखंडी पेटीची किल्ली त्यांनी आतापासूनच आपल्याजवळ ठेवली आहे.